दोन्ही बाजू ऐकण्याच्या अटीवर

मी, खाली सही करणारा, गाण्याच्या तबकड्यांच्या कारखान्यातील निवृत्त श्रवण-तपासनीस, रात्री नीट झोप झालेली असताना, सकाळचा चहा घेऊन, स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या अक्षरात माझ्या मृत्यूनंतरची व्यवस्था लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्या दाखल्यातील शुद्धलेखनाच्या चुका मी डॉक्टरांना दाखवून त्यांच्याकडूनच दुरुस्त करवून घेतल्या. बुद्धी शाबूत असल्याचा ह्याहून वेगळा पुरावा मला सुचत नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. पत्नीने स्वयंपाकघरातून "अहो, आटपा लवकर" असे म्हटले आहे, परंतु ते दडपण नव्हे. ते संसार सुरू झाल्यापासून चालू आहे.

वकीलबाईंनी एक छापील मसुदा आणून दिला होता. "काका, ह्यात फक्त रिकाम्या जागा भरायच्या," असे त्या म्हणाल्या. मी तो वाचून परत केला. मनुष्य एकदाच मरतो. त्या प्रसंगी तरी त्याने दुसऱ्याची वाक्ये वापरू नयेत. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "लिहा मग तुमच्या पद्धतीनं. पण कोणाला काय मिळणार ते स्पष्ट लिहा." तसे लिहीत आहे.

कलम पहिले. घर व शिल्लक. राहते घर पहिल्यापासून माझ्या पत्नीच्या नावावर असून मी त्यात तिच्या परवानगीने राहतो. ते कोणास द्यावे हा तिचा प्रश्न आहे व त्याचे उत्तर ती मला सांगत नाही. बँकेत माझी जी शिल्लक निघेल ती सर्व तिची. तिने ती स्वतःवर खर्च करावी. "तुमच्या आठवणीसाठी ठेवली आहे" वगैरे सबबी मी आताच नामंजूर करीत आहे.

कलम दुसरे. मुलगा. माझा एकुलता एक मुलगा कमी ऐकू येणाऱ्या लोकांचे कान तपासून त्यांना श्रवणयंत्रे बसवतो. हमरस्त्यावरचा दुकानाचा गाळा मी त्याला हयातीतच बक्षीसपत्राने दिला आहे, त्यामुळे त्याबद्दल येथे काही द्यावयाचे उरत नाही. मुलगा कामात चोख आहे. गाळ्यासमोर बसथांबा आहे, एवढाच त्या गाळ्यात दोष. कानात बारीकसा सूर सोडून "ऐकू आला की बोट वर करा" असे सांगावे आणि नेमक्या त्याच क्षणी बसने ब्रेक दाबावा, अशा जागी कानांची तपासणी करणे म्हणजे वाऱ्यावर दिवा लावण्यासारखे आहे. हे त्याचे गाऱ्हाणे रास्त आहे. त्याचा संबंध पाचव्या कलमाशी येईल.

कलम तिसरे. हत्यारे व जुनी भांडणे. माझी हत्यारे थोडी आहेत: एक भिंग, सुईचा भार तोलण्याचा लहान काटा, तबकडीचे भोक रुंद करण्याची गोल कानस आणि एक मऊ कुंचला.

ज्यांना आमचे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. दाबयंत्रातून तबकड्या घाण्याघाण्याने निघत. प्रत्येक घाण्यातील काही प्रती तपासनिसाकडे येत. तपासनिसाने कापसाने मढवलेल्या कोठडीत बसून, कानांवर श्रवणिका चढवून, प्रत आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावयाची व कोठे कट्‌कट् होते, कोठे खरखर, कोठे भोक मध्यावर नसल्यामुळे सूर डुलतो, ते सांगावयाचे. संगीत मात्र ऐकावयाचे नाही. हा पहिला नियम. संगीतात मन गुंतले की दोष निसटतो. धान्यातले खडे निवडणाऱ्याने धान्याची चव घेत बसू नये. मी तो नियम नोकरीभर पाळला, आणि सवय अशी जडली की घरीही मला गाणे ऐकू येईना, केवळ खडे ऐकू येत. पत्नीने हौसेने एखादी तबकडी लावावी आणि मी भिंग घेऊन उठावे. काही दिवसांनी तिने लावणेच सोडून दिले. आमचे घर शांत होते. भांडणाविना शांत होते, एवढे नमूद करतो.

शेजारच्या कोठडीत माझा सहकारी बसे. त्याला सगळा कारखाना 'पासवाला' म्हणे, कारण तबकडी संपण्याआधीच त्याचा हात 'पास'च्या शिक्क्याकडे जात असे. मी त्याला कितीदा बजावले. तो म्हणे, "अरे बाबा, लोक रेकॉर्ड लावून नाचतात, गप्पा मारतात, कांदा चिरतात. तुझ्यासारखं कान टवकारून ऐकतंय कोण?" तोच हल्ली दररोज माझ्याकडे बुद्धिबळ खेळायला येतो व चाल परत घेतो. भिंग मी त्याला देत आहे. त्याला एक तरी दोष दिसावा ही माझी इच्छा माझ्या हयातीत पूर्ण होईल असे वाटत नाही.

काटा, कानस व कुंचला नातीस.

रविवारच्या पुरवणीच्या संपादकांस काहीही देत नाही. त्यांना दर सोमवारी जाणारी माझी दुरुस्तीची पत्रे माझ्या मृत्यूनंतर बंद होतील. ह्याचा अर्थ चुका बंद झाल्या असा त्यांनी घेऊ नये. माझ्या निधनाची बातमी त्यांच्याकडे द्यावीच लागली तर तीत 'दुःखद निधन' लिहू नये. निधन दुःखद होते की नव्हते ते घरच्यांना ठरवू द्यावे.

कलम चौथे. 'उलट्या छत्रीत तळे' ह्या तबकडीची माझी प्रत. ह्या कलमात मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण हिच्याशिवाय पुढचे कलम कोणाला समजणार नाही.

कारखाना बंद पडला तेव्हा तपासणीच्या कोठड्या मोडीत निघाल्या. माझ्या व पासवाल्याच्या, अशा दोन्ही कोठड्यांच्या मढवलेल्या भिंती व जाड दारे मी उचलून आणली आणि घरामागील माझ्या मालकीच्या जमिनीच्या तुकड्यावर एक खोली उभी केली. (पासवाला "अर्धी खोली माझी" असे येताजाता म्हणतो. हा दावा मी येथे लेखी फेटाळतो.) ती खोली मी काहीही न ऐकण्यासाठी बांधली होती. दुपारी जाऊन बसावे, दार लावावे आणि स्वतःचा श्वास ऐकावा.

माझी नात, म्हणजे वर उल्लेखिलेल्या मुलाची मुलगी, गिटार वाजवते, गाते व गाणी रचते. तिच्या वाद्यवृंदात आणखी दोघे आणि एक ताशेबहाद्दर आहे. त्या शेवटच्याला सर्वजण 'ढोल्या' म्हणतात. वाद्यावरून की देहावरून हे मी विचारलेले नाही. शेजाऱ्यांनी त्यांना प्रत्येक ठिकाणाहून हुसकावल्यावर नात माझ्याकडे आली.

"आजोबा, मागची खोली रिकामीच असते ना?"

"रिकामी नसते. शांत असते."

"मग आम्ही थोडा वेळ अशांत करू? तुम्हांला बाहेर काही ऐकू येणार नाही. भिंती तुमच्याच आहेत."

भिंतींची स्तुती केल्यावर मला नाही म्हणवेना.

ते जे वाजवतात त्याला सायकेडेलिक आल्टर्नेटिव्ह रॉक म्हणतात. मी त्याला 'भ्रमरंजित पर्यायी रॉकसंगीत' असे नाव सुचवले होते. नात म्हणाली, "आजोबा, असं पोस्टरवर लिहिलं तर फक्त तुम्ही याल." वर्षभर त्यांनी त्या खोलीत खपून 'उलट्या छत्रीत तळे' हे संपूर्ण ध्वनिमुद्रण सिद्ध केले व हल्ली पुन्हा तबकड्या निघू लागल्या आहेत म्हणून तबकडीवर छापण्यास पाठवले. मोठा घाणा काढण्याआधी कारखान्याकडून एक नमुना प्रत आली. ती घेऊन नात थेट माझ्याकडे आली. मागे तिचे तीन साथीदार उभे होते. "तुम्ही पास केलंत तरच पुढं जायचं," असे ती म्हणाली.

मी भिंगाने खोबणी पाहिली, सुईचा भार तोलला, पेन्सिलीला टोक केले आणि दोन्ही बाजू ऐकल्या. मग निकाल सांगितला. पहिल्या गीतात ऑर्गन उलटा वाजतो. फीत उलटी चढवली गेली आहे. गिटारचा ध्वनिवर्धक फाटला आहे. गायिका विहिरीत उतरून गात असावी. दुसऱ्या गीताच्या अखेरीस यंत्राची गती मंदावते. तिसऱ्यात नळ गळत राहिला आहे. चौथ्यात आवाज डाव्या कानातून उजव्या कानात येरझारा घालतो. त्याला एका जागी बसवावे. शेवटच्या गीतात सूर डुलतात. सबब, संपूर्ण घाणा नापास.

 मग ढोल्या हात जोडून म्हणाला, "आजोबा, हे आम्हांला असंच्या असं लिहून द्या ना! जाहिरातीत टाकतो."

नात हसत हसत जमिनीवर बसली होती. "आजोबा, अहो, ते सगळं मुद्दाम केलंय."

"दोष मुद्दाम?"

"दोष नाहीत ते. तेच तर गाणं आहे."

"मग सूर डुलतात तेही मुद्दाम?"

आता तिघे एकमेकांकडे पाहू लागले. ते मुद्दाम नव्हते. नमुना आल्यावर ते डुलणे त्यांना आढळले होते आणि ते सर्वांना फार आवडले होते. "शेवटचं गाणं नावेत बसल्यासारखं वाटतं," असे ढोल्या म्हणाला. मी भिंग लावून दाखवले: दुसऱ्या बाजूच्या खोबणीच्या हिशेबाने भोक मध्यावर नव्हते. बस्स. भोक चुकले की नाव हलते. मी कानस घेऊन भोक रुंद केले, तबकडी नेमकी मध्यावर बसवली आणि पुन्हा लावली. सूर सरळ झाले, जसे असावेत तसे. मला समाधान वाटले. त्या चौघांचे चेहरे उतरले.

ढोल्याने विचारले, "आजोबा, परत बिघडवता येईल का?"

मुद्दाम केलेले सगळे मी दोष ठरवले होते, आणि खरा दोष होता तो त्यांनी गाणे म्हणून डोक्यावर घेतला होता. असा घोळ आमच्याच घरी होऊ शकतो.

त्यांनी मोठा घाणा सरळ भोकाचाच काढला. माझ्या शब्दाचा मान राखला. पण त्या दिवशी ती मंडळी गेल्यावर मी दार लावून नमुना प्रत पुन्हा लावली, ह्या वेळी पेन्सिलीवाचून. पहिल्यांदा मला काही समजेना. हाताला चाळाच राहिला नव्हता. कट्‌कट् आली की मन उडी घेई, आणि उडी घेतल्यावर कळे की ती तालाचीच होती. मी एकेक दोष धरावयास जाई आणि तो माझ्या हातात गाणे होऊन बसे. उलटा ऑर्गन आधी मागे सरून मग पुढे येतो. ओहोटीच्या पाण्याने वाळूवरची पावले पुसावीत आणि खाली दुसऱ्याच कोणाची पावले निघावीत, तसे मला वाटले. तिसऱ्या गीतात नळ गळतो, त्या थेंबांच्या मागे तिचा आवाज लांबून येतो, गिटार त्यावर काळ्या कढत रसासारखी पसरत जाते, आणि मला आमच्या कारखान्याची यंत्रशाळा दिसली: वाफ, कढत काळा गोळा, त्यावर बसणारी नावाच्या चिठ्ठ्यांची लाल वर्तुळे. ती नुसती दिसली नाही. तिचा वास आला. नोकरीभर मी त्या यंत्रशाळेतून ये-जा केली आणि ती मला कधी सुंदर वाटली नव्हती. बाजू संपली, सुई मध्यात फिरत राहिली, आणि ती उचलावयाची असते हे मी विसरलो. तपासनिसाच्या हातून असे होऊ नये.

तेव्हापासून दुपारच्या चहानंतर पत्नी व मी मागच्या खोलीत बसून एक बाजू ऐकतो. ती दुसऱ्या गीतालाच झोपी जाते. जागी झाल्यावर "छान होतं" म्हणते, आणि मला वाटते की तिचा अभिप्राय बरोबर आहे. एका गीतात 'मला नाही माहिती' अशी शब्दयोजना आहे. 'मला माहीत नाही' असे हवे. मी नातीला ते सांगितलेले नाही व माझ्या मृत्यूनंतरही कोणी सांगू नये.

ही नमुना प्रत, वाजवण्याच्या यंत्रासह, पत्नीस. तिला जाग येईल तेथून तिने ऐकावी.

कलम पाचवे. मागील खोली. ह्या खोलीसाठीच मुख्यतः हे मृत्युपत्र आहे.

खोली मुलाला हवी आहे. तिच्याइतकी नीरव जागा ह्या गावात नाही व कान तपासण्यास तीच योग्य आहे. खोली नातीलाही हवी आहे. तिला दुसरीकडे कोणी उभे करत नाही. दोघांच्याही मागणीत खोट नाही. खोट आहे ती दोघांमध्ये.

नात लहानपणापासून बापाच्या दुकानात वाढली. पुढे ती त्याच विषयाचे शिक्षण घेऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसू लागली. नंतर वाद्यवृंद मागील खोलीत वाजवू लागल्यावर तिने ती खुर्ची सोडली व गिटारच धरली. त्या दिवशी मुलगा माझ्यासमोर तिला म्हणाला, "मी ज्यांना मशिनं बसवतो ना, त्यातल्या निम्म्यांचे कान असल्याच गोंगाटानं गेलेले असतात. आणि तू तोच तयार करणार?"

"पप्पा, तू एकदा तरी ऐकलंयस का?"

"ऐकायची गरज नाही. मापलंय मी."

हे खरे होते. तो ध्वनिमापक घेऊन मागील खोलीच्या उघड्या दाराशी उभा राहिला होता, आकडा पाहून निघून गेला होता. त्यानंतर बाप-लेक 'जेवायला ये', 'छत्री ने' ह्यापलीकडे बोललेले नाहीत. सूनबाई दोघांचे निरोप इकडून तिकडे नेते व म्हणते, "मी ह्या घरातली पोस्टमन आहे." तबकडी निघाली तेव्हा नातीने एक प्रत बापाच्या टेबलावर ठेवली. ती अद्याप वेष्टनातच आहे.

म्हणून मी ठरवतो ते असे:

मागील खोली माझ्या मुलाची, परंतु ह्या अटीवर की त्याने 'उलट्या छत्रीत तळे' ही तबकडी, दोन्ही बाजू, त्याच खोलीत, दार लावून, माझ्या खुर्चीत बसून, मुलीच्या देखत ऐकावी. मध्येच उठू नये. ध्वनिमापक खोलीबाहेर ठेवावा. आवडलीच पाहिजे अशी अट नाही. तशी अट कायद्यात बसत नाही असे वकीलबाई म्हणाल्या. अट पूर्ण झाली नाही, किंवा अन्य कोणत्याही कारणाने खोली मुलाकडे जाऊ शकली नाही, तर ती संपूर्णपणे नातीची.

ह्यात कोणाचेही नुकसान नाही असे माझे मत आहे. नातीला खोली मिळाली नाही तर बापाचे कान मिळतील. मुलाला कान द्यावयाचे नसतील तर त्याने खोली देऊन सुटावे. वकीलबाई म्हणाल्या, "काका, हे मृत्युपत्र आहे की सापळा?" मी म्हणालो की व्याकरणदृष्ट्या दोन्ही शब्द येथे चालतील.

कलम सहावे. वरील मजकूर गेल्या आठवड्यात लिहून झाला होता. आज सह्यांचा दिवस. पुढील मजकूर आज लिहीत आहे, आणि मागील काहीही खोडत नाही. वकीलबाई पाचवे कलम काढून पुन्हा लिहा म्हणाल्या. जे त्या वेळी बरोबर होते ते मी खोडत नसतो. त्याच्या पुढे लिहितो.

माझ्या पत्नीच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिने पाचवे कलम मुलाला सांगितले. आज सकाळी वकीलबाई व पासवाला सह्यांसाठी येऊन बसले होते, तोच मुलगा दुकानाचा पांढरा कोट तसाच अंगात ठेवून आला.

"बाबा, मेल्यावर कशाला अटी घालताय? जिवंतपणी सांगायला काय झालं होतं?"

"जिवंतपणी सांगितले असते तर तू ऐकले असतेस?"

"नसतं ऐकलं."

"मग?"

पासवाला म्हणाला, "अरे, बस की पोरा. दोन बाजू तर आहेत. मी असल्या दिवसाला वीस ऐकायचो."

"तू एकही ऐकत नव्हतास," असे मी त्याला तेथेच सांगितले.

मुलाने खिशातून ध्वनिमापक काढून स्वयंपाकघरातील ओट्यावर, आईच्या हाताशी ठेवला. "चला," एवढेच म्हणाला. पत्नीने नातीला हाक मारली. ती आली, बापाला माझ्या खुर्चीत बसलेला पाहिले आणि दारातच थबकली. आम्ही सर्व आत गेलो: मी, पत्नी, पासवाला, वकीलबाई. दार लावले. नातीने तबकडी लावली. सुई तिने अलगद टेकवली. मीच शिकवले आहे.

पहिली बाजू मुलाने दंतवैद्याकडे बसावे तशी ऐकली. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, डोळे भिंतीवर. गिटार फाटू लागली तेव्हा त्याने जबडा आवळला. नळ गळू लागला तेव्हा त्याने खोलीत नळ शोधला. बाजू संपल्यावर नातीने त्याच्याकडे न पाहता विचारले, "बास?"

"अट दोन्ही बाजूंची आहे," असे तो म्हणाला. माझाच मुलगा.

दुसरी बाजू निम्मी झाली आणि शेवटचे गीत लागले, तेच, एके काळी डुलणारे. मुलाचे उजव्या हाताचे बोट वर गेले. खाली आले. थोड्या वेळाने पुन्हा वर गेले. मला वाटले, ताल धरतो आहे. पण ते बोट तालावर नव्हते. ते भलत्याच ठिकाणी उठत होते. मी पासवाल्याच्या कानात म्हणालो, "चुकतोय." मग मी पाहिले की नात गाण्याकडे लक्षच देत नव्हती. ती बापाच्या बोटाकडे पाहत होती, आणि प्रत्येक वेळी बोट वर गेले की तिची मान किंचित हलत होती.

गीत संपले. मुलगा म्हणाला, "हा माझ्या मशीनचा सूर आहे."

"हो."

"सगळ्यांत वरचा. आठ हजार हर्ट्झचा."

"हो, पप्पा. दुकानात येऊन रेकॉर्ड केला. तू जेवायला गेला होतास."

मी म्हणालो, "कसला सूर? ह्या गीतात असला कोणताही सूर नाही. मी हे गीत कितीतरी वेळा ऐकले आहे."

मुलगा खुर्चीत वळला व त्याने माझ्याकडे पाहिले, गिऱ्हाइकाकडे पाहतो तसे, पण त्याहून मऊ. "बाबा, तुम्हांला तो ऐकू येत नाहीये. पूर्ण गाणंभर अधूनमधून येतोय. सगळं गाणं त्याच्यावरच उभं आहे."

"ढोल्या तो सूर कानात घेऊन वाजवतो," नात म्हणाली. मग बापाकडे वळून, एकदम भराभर बोलली. "मी लहान असताना तू मला मोठा हेडफोन लावायचास आणि म्हणायचास, ऐकू आला की बोट वर कर. मी सगळे ओळखायचे. तू म्हणायचास, दुकानातला सगळ्यांत चांगला कान हिचा. ते गाणं तेच आहे. ते तुझ्याशिवाय कोणाला कळणारच नव्हतं. आणि तूच ऐकत नव्हतास."

मुलाने फिरत्या तबकडीकडे पाहिले. मग म्हणाला, "चवथ्यांदा जरा उशिरा येतो सूर. मुद्दाम?"

"मुद्दाम. तू पण तसंच करायचास, मी फसते का बघायला."

तेव्हा तो हसला. तो हसल्यावर ती रडली. पत्नी, जी आज प्रथमच शेवटच्या गीतापर्यंत जागी होती, म्हणाली, "आता चहा टाकू का?" आणि पासवाल्याने डोळे पुसत मला विचारले, "तुलाही ऐकू नाही आला? मला वाटलं, मी एकटाच बहिरा." नोकरीभर दोष शोधणाऱ्या माझ्या कानांतून तो सूर इतके दिवस सुटत होता, आणि मला ह्याचे वाईट वाटले नाही. गाणे मला वाटले होते त्याहून मोठे निघाले, एवढेच. सोमवारी मुलगा माझे कान तपासणार आहे. आजवर मी नकार देत आलो. आता देत नाही.

कलम सातवे, व शेवटचे. अट माझ्या हयातीत, साक्षीदारांसमक्ष पूर्ण झाली. सबब मागील खोली माझ्या मुलाची. नातीने स्वतःहून सांगितले, "पप्पा, खोली तुझी. तू ऐकलंस." मी तसे लिहिले. मी सही केली, पासवाल्याने साक्षीची सही केली. वकीलबाई दुसरी साक्षीदार म्हणून पुढे सरकल्या, तेव्हा मुलाने त्यांच्या हातातून पेन घेतले.

"मी करतो."

"अहो, तुम्ही नाही करायची," वकीलबाई म्हणाल्या. "ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं, त्यानं साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला मिळालेलं बाद होतं. खोली जाईल तुमच्या हातून."

"कोणाकडे जाईल?"

"पाचव्या कलमात लिहिलंय काकांनी. 'अन्य कोणत्याही कारणाने.' मुलीकडे."

"मग बरोबर आहे," मुलगा म्हणाला.

नात म्हणाली, "पप्पा, नको ना. तुला पण लागते खोली. सकाळी तू वापर, आमच्यातलं कोणी दुपारपर्यंत उठतच नाही."

"ते आपण दोघं बघू नंतर. आता मोठी माणसं सह्या करतायत, तू गप."

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी पेन मागून घेतले व सहीच्या वर राहिलेल्या ह्या जागेत हे लिहीत आहे, की मुलास परिणामाची पूर्ण कल्पना देण्यात आली आहे. मलाही ती आहे. आणि मी त्याला अडवत नाही. वकीलबाईंच्या सांगण्यावरून ह्या शेवटच्या मजकुराखाली आम्ही सर्वजण नव्याने सह्या करीत आहोत. मुलगा हात पुढे करून उभा आहे, म्हणून येथेच थांबतो.

स्थळ: मागील खोली, दार उघडे.
दिनांक: चौदा मार्च, गुरुवार, दुपारच्या चहाआधी.

लिहून ठेवणार: (सही) निवृत्त श्रवण-तपासनीस

आम्हां दोघांसमक्ष, व आम्ही एकमेकांसमक्ष, सह्या केल्या:

साक्षीदार पहिला: (सही) पासवाला, निवृत्त श्रवण-तपासनीस, शेजारची कोठडी

साक्षीदार दुसरा: (सही) मुलगा, श्रवणयंत्रे बसवणारा. सर्व ऐकून.